गाडीचे ‘ॲव्हरेज’ : माप कोणाचे, पैसा कोणाचा?

(आर्णी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



आर्णीच्या बाजारात कापसाची गाडी काट्यावर चढते तेव्हा शेतकऱ्याची नजर काट्यावर खिळलेली असते. भाव दिल्लीत ठरो की मुंबईत, वजन चुकले तर चांगला भावही मातीमोल होतो, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणूनच काटा व्यापाऱ्याचा असला तरी त्यावर शासनाच्या वैधमापन खात्याचा शिक्का हवा, हा आग्रह सर्वमान्य झालेला आहे. पेट्रोल पंपावरही तीच व्यवस्था आहे. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप ठेवावे लागते आणि कोणत्याही ग्राहकाला ते मागून पंपाची परीक्षा घेता येते. म्हणजे लिटर हे जनतेचे माप आहे. त्याची हमी शासनाने घेतलेली आहे.

परंतु त्या एका लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर जाईल, याची हमी कोणाची? गाडी घेताना प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो हाच : “ॲव्हरेज किती देते?” त्यावर विक्रेता एक आकडा सांगतो, जाहिरातीत तो ठळक अक्षरांत छापलेला असतो आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा आकडा प्रमाणित चाचणीतला आहे. घरी आणल्यावर गाडी तेवढे देत नाही. लोक चार दिवस कुरकुरतात आणि पुढे ‘असे चालायचेच’ म्हणून सोडून देतात. या ‘असे चालायचेच’चे अर्थशास्त्र तपासणे हा आजच्या विवेचनाचा हेतू आहे. त्यासाठी उदाहरण घ्यायचे ते प्लग-इन हायब्रिड नावाच्या मोटारीचे. कारण कागदावरचा आकडा आणि रस्त्यावरचा अनुभव यांतील अंतर जगात सर्वांत जास्त कोठे आढळले असेल, तर ते या मोटारींत.

प्रथम, हा आकडा येतो कोठून ते पाहू. भारतात तो देणाऱ्या संस्थांत सर्वांत परिचित नाव पुण्याचे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’, ही संस्था वाहन उद्योगाने भारत सरकारच्या सहकार्याने उभी केली. याखेरीज अहिल्यानगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, हरियाणात मानेसर येथे आणि मध्य प्रदेशात पिथमपूर येथेही चाचणीची केंद्रे आहेत. मोटारीच्या इंधनाची प्रमाणित चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका दालनात लोखंडी रुळांवर उभी केली जाते. चाके फिरतात, रूळ फिरतात, गाडी जागची हलत नाही. चालकाने कोणत्या सेकंदाला किती वेग ठेवायचा याचा आलेख ठरलेला असतो. भारतात बराच काळ वापरात असलेल्या या आलेखाला सुधारित भारतीय चालनचक्र म्हणतात. तो ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांहून थोडा कमी आहे आणि त्यातला कमाल वेग ताशी ९० किलोमीटर. दालनाचे तापमान माफक राखलेले असते आणि वातानुकूलन यंत्र बंद असते.

आता हे चित्र यवतमाळ जिल्ह्यात आणून ठेवावे. आर्णीवरून नागपूर–तुळजापूर महामार्ग जातो. चौपदरी रस्त्यावर नव्वदचा वेग ही मर्यादा न राहता सुरुवात झालेली आहे. वैशाखात पारा ४४–४५ अंशांना भिडतो आणि ज्याच्याकडे थंड हवेचे यंत्र आहे तो ते बंद ठेवून प्रवास करील, असे मानणे हास्यास्पद होय. गाडीत एकटा चालक नसतो. कुटुंब असते, सामान असते, पाहुणे असतात. सडक सोडून तांड्याकडे किंवा पोडाकडे वळले की खड्डे आणि चढ येतात. यांतले प्रत्येक कारण थोडे थोडे इंधन खाते आणि सर्वांची बेरीज ग्राहकाच्या खिशातून जाते.

येथे एक गोष्ट न्यायाने मान्य केली पाहिजे. प्रयोगशाळेतील चाचणी म्हणजे फसवणूक नव्हे. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना एकच परीक्षा द्यावी लागते. एक पुसदच्या घाटात आणि दुसरी नागपूरच्या सपाट रस्त्यावर चालवून तुलना होत नाही. कोणती गाडी अधिक काटकसरी, या प्रश्नाचे उत्तर प्रमाणित चाचणी बऱ्यापैकी देते. गाडी प्रत्यक्षात किती इंधन पिईल, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. तुलनेसाठी घेतलेला आकडा जेव्हा भविष्यवाणी म्हणून विकला जातो आणि पुढे त्याच आकड्यावर शासन करसवलत देऊ लागते, तेव्हा घोटाळा सुरू होतो.

अमेरिकेने ही अडचण फार पूर्वी ओळखली. १९७३ च्या तेलसंकटानंतर तेथे गाडीवर इंधनाच्या आकड्याची चिठ्ठी लागू लागली. लोकांच्या तक्रारी आल्या. तेव्हा १९८५ च्या गाड्यांपासून तेथील पर्यावरण संस्थेने प्रयोगशाळेतला शहरी आकडा १० टक्क्यांनी आणि महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापण्याचा नियम केला. पुढे २००८ च्या गाड्यांपासून जास्त वेग, थंडी आणि वातानुकूलन यांचाही समावेश चाचणीत झाला. याच संस्थेने ग्राहकांच्या तक्रारींवरून गाड्या स्वतः पुन्हा तपासल्या, तेव्हा ह्युंदाई आणि किआ या कंपन्यांनी आकडे फुगवल्याचे २०१२ मध्ये उघड झाले आणि २०१४ मध्ये त्यांना १० कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. जपानच्या मित्सुबिशीने २०१६ मध्ये इंधनचाचणीत फेरफार केल्याची कबुली दिली. यावरून एवढेच सिद्ध होते की, आकडा देणाऱ्याला कोणी तपासणारा असेल तरच आकड्याला किंमत राहते.

आता मूळ उदाहरणाकडे वळू. ‘हायब्रिड’ या एकाच शब्दाखाली तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली माइल्ड हायब्रिड : हिच्यात छोटी विद्युत मोटर इंजिनाला हातभार लावते, पण गाडी निव्वळ विजेवर चालत नाही. दुसरी स्ट्राँग हायब्रिड : ही काही अंतर विजेवर चालते, पण तिची बॅटरी बाहेरून भारित करता येत नाही, सारी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. तिसरी प्लग-इन हायब्रिड : हिची बॅटरी मोठी असते आणि घरच्या वा केंद्रावरच्या विजेवर ती भारित होते. भरलेल्या बॅटरीवर ती साधारण ४०, ५०, क्वचित त्याहून अधिक किलोमीटर धावते आणि त्यानंतर पेट्रोलचे इंजिन काम हाती घेते.

अशा गाडीचे ‘ॲव्हरेज’ काढायचे कसे? पहिल्या ५० किलोमीटरला पेट्रोल शून्य लागते. पुढे ते एखाद्या सामान्य गाडीइतके लागते. दोहोंची सरासरी किती अंतरावर काढायची, यावर उत्तर अवलंबून आहे. युरोपात जुन्या चाचणीच्या काळात असे गृहीत धरले जाई की, बॅटरी संपल्यावर गाडी आणखी २५ किलोमीटर चालते आणि मग पुन्हा भारित होते. समजा, एखादी गाडी विजेवर ५० किलोमीटर जाते आणि नंतर १०० किलोमीटरला ६ लिटर पेट्रोल घेते. नियमाप्रमाणे एकूण ७५ किलोमीटरांपैकी २५ किलोमीटरच पेट्रोलवर, म्हणजे खर्च दीड लिटर. प्रमाणपत्रावर आकडा येतो लिटरला ५० किलोमीटर!

हीच काल्पनिक गाडी आर्णीच्या माणसाला द्यावी. तो यवतमाळला नोकरीला जातो, जाऊनयेऊन अंतर ढोबळमानाने ८० किलोमीटर, आणि रोज रात्री न चुकता बॅटरी भरतो. त्याचे ५० किलोमीटर विजेवर जातील, ३० पेट्रोलवर, खर्च १.८ लिटर. ‘ॲव्हरेज’ आले सुमारे ४४. प्रमाणपत्राच्या जवळपास, तक्रारीला जागा नाही. दुसरा माणूस त्याच गाडीने एका भारणावर नागपूरला जाऊन येतो. अंतर सुमारे ३८० किलोमीटर. यांपैकी ३३० किलोमीटर पेट्रोलवर, खर्च १९.८ लिटर, ‘ॲव्हरेज’ १९. तिसऱ्याच्या घराजवळ भारणाची सोय नाही, किंवा आहे पण तो कंटाळा करतो. त्याचे ‘ॲव्हरेज’ पावणेसतरापेक्षा कमी. गाडी एक, प्रमाणपत्र एक, आणि प्रत्यक्ष आकडे तीन : ४४, १९ आणि पावणेसतरा. शिवाय पहिल्याच्या ४४ मध्ये विजेची जी युनिटे खर्च झाली ती मोजलीच नाहीत. पेट्रोलच्या लिटरमध्ये विजेचे बिल दिसत नाही.

याचा अर्थ असा की, या गाडीची कार्यक्षमता यंत्रात जेवढी आहे त्याहून जास्त ती चालवणाऱ्याच्या सवयीत, परिस्थितीत आणि स्वार्थात आहे. आणि स्वार्थ हा तर अर्थशास्त्राचा विषय. सवय काय निघाली, ते युरोपच्या अनुभवाने दाखवून दिले आहे.

युरोपीय संघात २०२१ पासून नव्या मोटारींत प्रत्यक्ष इंधनखर्चाची नोंद ठेवणारी यंत्रणा बसवणे सक्तीचे झाले. त्या नोंदी गोळा करून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल आणि डिझेल मोटारींचा रस्त्यावरचा खर्च प्रमाणित आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक निघाला. प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत मात्र प्रत्यक्ष उत्सर्जन कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. हे लक्षात घ्यावे की, २०१७ मध्ये युरोपने जुनी चाचणी टाकून अधिक कडक अशी नवी जागतिक चाचणी स्वीकारली होती. साडेतीन पटींचे अंतर त्या नव्या चाचणीशी तुलना करूनचे आहे. त्याआधी २०२२ मध्ये स्वच्छ वाहतुकीवरील आंतरराष्ट्रीय परिषद आणि जर्मनीची फ्राउनहोफर संस्था यांच्या अभ्यासातही हेच दिसले होते. खाजगी मालक अशा गाडीचे सुमारे निम्मे अंतर विजेवर चालवतात. कंपन्यांनी आपल्या अधिकाऱ्यांना दिलेल्या गाड्यांत मात्र हे प्रमाण ११ ते १५ टक्के एवढेच भरले.

हा फरक का पडावा? कंपनीच्या गाडीत पेट्रोलचे बिल कंपनी भरते आणि घरच्या विजेचे बिल अधिकारी भरतो. मग त्याने गाडीचा प्लग घरी कशाला लावावा? आणि कंपनीने ती गाडी घेतली कशासाठी? कित्येक देशांत प्लग-इन हायब्रिडवर कर कमी होता म्हणून. सवलत गाडी विकत घेण्यावर मिळाली. ती विजेवर चालवण्याशी सवलतीचा काही संबंध नव्हता. सरकारने हवा स्वच्छ व्हावी म्हणून पैसे मोजले, कंपनीने करबचत पदरात पाडली, उत्पादकाने उत्सर्जनाचे लक्ष्य कागदावर गाठले आणि पेट्रोल पूर्वीइतकेच जळत राहिले. यात कोणी कायदा मोडला नाही. माप चुकीच्या जागी लावले, एवढेच झाले. युरोपीय संघाला अखेर विजेवरच्या वापराचे गृहीतक बदलावे लागले. ते २०२५ पासून कडक केले गेले आणि २०२७ पासून आणखी कडक व्हायचे ठरले.

येथे एखादा कार्यकर्ता विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की भारतात प्लग-इन हायब्रिड म्हणजे मूठभर धनिकांच्या आलिशान गाड्या. ज्या तालुक्यात सोयाबीनचा आणि कापसाचा खर्च निघत नाही, तेथे या चर्चेचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर सार्वजनिक पैशाचे. भारत सरकारने एप्रिल २०१५ मध्ये विद्युत व हायब्रिड वाहनांना उत्तेजन देण्यासाठी ‘फेम’ योजना सुरू केली. तिच्यात विजेवर न चालणाऱ्या माइल्ड हायब्रिड मोटारींनाही अनुदान मिळाले आणि दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्यांना वगळावे लागले. उत्तर प्रदेश सरकारने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींचा नोंदणीकर संपूर्ण माफ केला. तेथे १० लाखांवरील मोटारीला हा कर १० टक्के असे. म्हणजे २५ लाखांची मोटार घेणाऱ्याला शासनाने अडीच लाखांची भेट दिली. त्या बदल्यात त्याने किती लिटर पेट्रोल वाचवले, याचा हिशेब त्याच्याकडून मागितला गेला नाही. शेतकऱ्याला पीकविम्याचे पैसे देताना पंचनामा लागतो, सातबारा लागतो, पिकाचे छायाचित्र लागते. मोटारवाल्याला प्रमाणपत्रावरचा एक आकडा पुरतो. गरिबाला पुरावा आणि श्रीमंताला विश्वास, ही कोणती समता?

दुसरे उत्तर नियमांचे. २०१७ पासून भारतात प्रत्येक मोटार कंपनीला आपल्या सर्व गाड्यांची सरासरी इंधनमर्यादा पाळावी लागते. २०२२ पासून तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा लागू झाला. या सरासरीत वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळे वजन दिले गेले. विजेवरच्या एका मोटारीची गणना तीन मोटारी अशी, प्लग-इन हायब्रिडची अडीच आणि स्ट्राँग हायब्रिडची दोन. म्हणजे प्रयोगशाळेत आधीच खाली आलेला आकडा पुन्हा अडीच पटीने जमेस धरायचा. अशी एक गाडी विकली की कंपनीला जास्त इंधन पिणाऱ्या जड गाड्या विकण्यास तेवढी मोकळीक मिळते. त्या जड गाड्यांचा धूर आणि देशाचे तेलाचे बिल यांत आर्णीचा वाटा आहेच. भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो. त्याची किंमत गाडी नसलेला माणूसही भाड्यातून, खतातून आणि किराण्यातून मोजतो.

तिसरे उत्तर थेट दुचाकीपर्यंत येते. देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पोहोचले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, ही रसायनशास्त्रातील साधी गोष्ट आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते की, मूळ साध्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्के मिश्रणाला जुळवून घेतलेल्या चारचाकीचे ‘ॲव्हरेज’ ६ ते ७ टक्क्यांनी आणि तशाच दुचाकीचे ३ ते ४ टक्क्यांनी घटेल. या घटीची भरपाई म्हणून असे इंधन ग्राहकाला स्वस्त मिळावे, असेही त्या आराखड्यात सुचवले होते. इथेनॉल सर्वत्र पोहोचले. स्वस्ताई पंपावर आली नाही. ज्या माणसाची दुचाकी महिन्याला ३० लिटर पेट्रोल घेते, त्याला या घटीपोटी वर्षाला ११ ते १५ लिटर जास्त भरावे लागतील. दूधवाला, फेरीवाला, गावोगाव फिरणारी आरोग्यसेविका यांच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही. इथेनॉलमुळे ऊस आणि मका पिकवणाऱ्यांना बाजार मिळाला आणि आयात काहीशी कमी झाली, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु लाभ राष्ट्राचा आणि भुर्दंड दुचाकीवाल्याचा, हा हिशेब लोकांपुढे ठेवल्याशिवाय केलेले धोरण लोकशाहीचे म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष रस्त्यावरचे माप नसेल तर हा भुर्दंड सिद्धच करता येत नाही आणि सिद्ध न झालेली हानी राज्यकर्त्यांच्या लेखी झालेलीच नसते.

आणखी एक बाजू यवतमाळ जिल्ह्याला विसरता येणार नाही. विजेवर चालणारे अंतर ‘शून्य धुराचे’ मानले जाते. धूर गाडीतून निघत नाही हे खरे. पण महाराष्ट्राची वीज आजही मुख्यतः कोळशावर होते. तो कोळसा याच जिल्ह्यातल्या वणीच्या खाणींतून निघतो आणि शेजारच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी जळतो. देशाच्या वीजजाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो. वरच्या उदाहरणातील जड गाडी ५० किलोमीटरला १० युनिटे घेत असेल तर विजेवरचा धूर होतो ७ किलो. त्याच अंतराला ३ लिटर पेट्रोल जाळले तर ६.९ किलो. जवळजवळ बरोबरी! पेट्रोल शुद्ध करण्यात आणि वाहून आणण्यात होणारा खर्च धरला तर वीज थोडी सरस ठरेल आणि सौर ऊर्जेचा वाटा वाढेल तशी ती आणखी सरस ठरत जाईल. हलक्या गाडीत तर फरक स्पष्टच दिसेल. मुद्दा एवढाच की, जड गाडीला बॅटरी जोडल्याने ती आपोआप पुण्यवान होत नाही. शहरातल्या चौकातील हवा स्वच्छ होते आणि राख वणी-चंद्रपूरच्या अंगणात पडते, ही वाटणीही हिशेबात धरली पाहिजे.

यावर उद्योगाचा एक आक्षेप असतो. चालक बेफाम वेगाने चालवतो, टायरांत हवा भरत नाही, बॅटरी भारित करत नाही. याचा दोष गाडी बनवणाऱ्यावर का? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येक ग्राहकाला प्रमाणपत्राइतकेच ‘ॲव्हरेज’ मिळावे, अशी मागणी कोणी शहाणा माणूस करणार नाही. परंतु अंतर एकाच दिशेने आणि लाखो गाड्यांत पडत असेल, तर दोष चालकांच्या स्वभावाचा नसून मापाचा आहे, असेच म्हणावे लागते. केरळातील त्रिशूर येथील ग्राहक आयोगापुढे असेच एक प्रकरण आले. जाहिरातीत लिटरला ३२ किलोमीटर असे सांगितलेल्या एका डिझेल मोटारीची आयोगाने नेमलेल्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष चालवून परीक्षा घेतली. आकडा निघाला १९.६. आयोगाने २०२२ मध्ये ग्राहकाला ३ लाख रुपये भरपाई देवविली. एका ग्राहकाने वर्षानुवर्षे झगडून जे मिळवले, ते व्यवस्थेने सर्वांना विनासायास का देऊ नये? १९७४ पासून ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या महाराष्ट्रात रुजली, तेथे हा प्रश्न परका वाटू नये.

मग मागणी काय असावी? पहिली, नव्या प्रत्येक मोटारीत प्रत्यक्ष इंधनखर्चाची आणि विजेच्या युनिटांची नोंद ठेवली जावी आणि मालकाचे नाव वगळून ती दरवर्षी गाडीच्या प्रकारानुसार प्रसिद्ध व्हावी. युरोप हे करतो. संगणकाच्या क्षेत्रात जगाला मनुष्यबळ पुरवणाऱ्या देशाला ते अशक्य नाही. भारतात १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावरील उत्सर्जनाची चाचणी नियमात आली आहे. ती विषारी वायूंपुरती आहे, तिची कक्षा इंधनापर्यंत वाढवावी. दुसरी, प्लग-इन हायब्रिडसाठी एक सरासरी आकडा छापण्याची पद्धत बंद व्हावी. बॅटरी भरलेली असताना किती युनिटे आणि बॅटरी रिकामी असताना किती पेट्रोल, असे दोन आकडे स्वतंत्र छापावेत. सरासरी ज्याची त्याने काढावी. तिसरी, करसवलत खरेदीवर न देता प्रत्यक्ष वाचवलेल्या इंधनाशी बांधावी. चौथी, प्रमाणपत्र दिलेल्या गाड्यांपैकी काही गाड्या बाजारातून, कंपनीला न कळवता, विकत घेऊन उद्योगापासून स्वतंत्र अशा यंत्रणेकडून पुन्हा तपासल्या जाव्यात. काटा तपासणारा अधिकारी व्यापाऱ्याच्या पगारावर नसावा, हे तत्त्व बाजार समितीत मान्य असेल तर ते मोटारीलाही लागू व्हावे.

कार्यकर्त्यांना आज करता येण्यासारखेही काही आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. टाकी काठोकाठ फुल करावी, मीटर लिहून ठेवावे, नेहमीसारखी गाडी चालवावी, निदान ३००–४०० किलोमीटरनंतर शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी फुल करावी आणि किलोमीटरला लिटरने भागावे. एका वेळेवर विसंबू नये. चार-पाच वेळांची सरासरी घ्यावी, उन्हाळा आणि हिवाळा वेगळा लिहावा. दुचाकीलाही हीच रीत चालते. एका माणसाच्या वहीला किस्सा म्हणतात. तालुक्यातल्या दोनशे वह्या एकत्र आल्या की तिला पुरावा म्हणतात.

अशी वही ठेवणारी एक सार्वजनिक संस्था महाराष्ट्रात १९४८ पासून आहे, ती म्हणजे एस.टी. यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद अशा आगारांत गाडी किती धावली आणि किती डिझेल प्याली, याची नोंद रोजच्या रोज होते आणि चालकाला तिचा जाब द्यावा लागतो. जे माप कामगाराला लावले जाते ते मोटारीच्या कारखानदाराला लावायचे नाही, ही विसंगती या चर्चेतील खरी गाठ आहे. शिवाय इंधनाची कार्यक्षमता गाडीमागे मोजावी की माणसामागे, हाही प्रश्न आहेच. लिटरला ५ किलोमीटर देणाऱ्या बसमध्ये ४० प्रवासी असतील तर एका लिटरमध्ये २०० प्रवासी-किलोमीटर होतात. लिटरला २० देणाऱ्या मोटारीत दोन माणसे असतील तर ४०. नागपूरला निघालेली प्लग-इन हायब्रिड या हिशेबात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या लाल गाडीच्या जवळपासही येत नाही.

म्हणून आर्णीतल्या साथींनी येत्या सहा महिन्यांचा एक साधा कार्यक्रम हाती घ्यावा. दुचाकी, ऑटोरिक्षा, मालवाहू गाड्या आणि मोटारी यांच्या मालकांकडून टाकी-फुलच्या नोंदी गोळा कराव्यात. गाडीचे वर्ष, प्रमाणपत्राचा आकडा आणि प्रत्यक्ष आकडा असे तीन रकाने पुरेत. तो तक्ता जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेपुढे आणि विधिमंडळातील प्रतिनिधींपुढे ठेवावा. त्यासोबत एस.टी.च्या फेऱ्या वाढवण्याची मागणीही ठेवावी. कारण जो पैसा धनिकाच्या मोटारीवरील करमाफीत जाऊ शकतो तो बसकडेही वळवता येतो.